हाक मारली की पळणारं पिल्लू : एका नावाचं प्रकरण

पाळीव कुत्र्यांच्या वागणुकीबद्दल सल्ला देण्याचं काम मी ठाण्यात करते. हे प्रकरण गेल्या वर्षीचं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुत्र्याची नावं आणि घरातली लाडाची नावं मात्र, सगळ्यांना विचारून, आहेत तशीच ठेवली आहेत. सगळी गोष्ट त्या नावांचीच आहे, ती बदलली तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

पार्श्वभूमी

चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात आई, बारा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी आणि आजी. वडील मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सहा-सात महिने समुद्रात, मग तीन-चार महिने घरी. आजी मूळच्या सांगोल्याकडच्या, घरची डाळिंबाची बाग. ठाण्यात येऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण बोलणं अजून सांगोल्याचंच.

जूनच्या शेवटी, मुसळधार पावसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या मागच्या चाकाला चिकटून बसलेलं पिल्लू मुलाला सापडलं. आपल्याकडच्या गावठी जातीचं, पण अंगावर केस जरा जास्त, बहुधा कुठेतरी पॉमेरेनियनचा अंश. डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा वय दोन महिन्यांच्या आसपास आणि वजन दोन किलोपेक्षा थोडं कमी होतं. जंताचं औषध झालं, लसींच्या तारखा ठरल्या. तिसऱ्या दिवसापासून पिल्लू घरभर असं धावायला लागलं, की फरशीवर नखांचा आवाज आधी यायचा आणि ते मागून.

नाव त्याच रात्री, वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ठरलं : सॉनिक. सेगा कंपनीच्या १९९१ सालच्या गेममधला तो निळा हेजहॉग, म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेला छोटा प्राणी. वेग हीच त्याची ओळख. या घरात त्या नावाला आणखी एक अर्थ होता. वडिलांनी जुन्या गेम्सचा एक डबा टीव्हीला जोडून ठेवला होता. मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हापासून वडील सुट्टीवर आले, की दोघं तो गेम खेळत. वडील जहाजावर गेले की डबा कपाटात. त्यामुळे पिल्लाला सॉनिक म्हणणं म्हणजे कपाटातला तो डबा वर्षभर उघडा ठेवण्यासारखं होतं. हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

अडचण कशी वाढत गेली

गणपतीत घराचं दार दिवसभर उघडं होतं. दर्शनाला माणसं येत-जात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लू चपलांच्या ढिगावरून उडी मारून जिन्याने खाली गेलं. आई मागे धावली. "सॉनिक! सॉनिक, थांब!" प्रत्येक हाकेला ते आणखी जोरात पळालं. गेटमधून बाहेर, रस्ता ओलांडून पलीकडे. एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. पिल्लू आणि पुढचं चाक यांच्यात हातभर अंतर उरलं होतं, असं आई मला सांगत होत्या आणि सांगताना त्यांचा हात ओढणीत गुंतलेला होता.

पिल्लू पकडलं कोणी? सोसायटीच्या वॉचमनकाकांनी. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, खिशातलं बिस्कीट काढलं आणि "यू यू यू" केलं. पिल्लू शेपटी हलवत सरळ त्यांच्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी आईंनी मला फोन केला. "ताई, हा ऐकतच नाही. नाव घेतलं की पळतो. बहिरा आहे का?" बहिरा नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले होते, आणि स्वयंपाकघरात फ्रीज उघडला की तो आतल्या खोलीतून यायचा. वॉचमनकाकांची हकिकत ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की या पिल्लाला माणसाकडे यायला आवडतं. त्याला फक्त त्या एका शब्दाकडे यायचं नाही.

घरी गेले तेव्हा मी काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. तासाभरात चित्र दिसायला लागलं.

मुलगा शाळेतून आला. दप्तर टाकलं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि ओरडला, "सॉनिक, गो!" किचनच्या ओट्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत पिल्लाने किती सेकंदांत धाव घेतली याची एक वही होती. रोजचे आकडे तारखेसकट. चांगली वेळ आली की त्याचा व्हिडिओ बाबांना.

आई कामावरून आल्या. पिल्लाने पायपुसणं तोंडात धरलेलं. "सॉनिक, नको!" मग चप्पल. "सॉनिक, नको!" मग पडद्याची झालर. त्या दोन शब्दांत त्या श्वासही घेत नव्हत्या, एकच शब्द झाला होता : सॉनिकनको.

आजींना सॉनिक म्हणता येईना. जिभेवर ते बसत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या सवयीने त्याचं "सोन्या" केलं. मुलीचं घरातलं नाव सोनू. आणि आई मुलाला लाडाने काय म्हणत असतील? सोन्या. मराठी घरात दुसरं काय म्हणणार. म्हणजे त्या दीडशे पावलांच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत सॉनिक, सोन्या, सोनू, सोने, सोन्या असा एकच आवाज फिरत होता, आणि त्यातल्या बहुतेक हाका पिल्लासाठी नव्हत्याच.

मी आईंना फ्रीजवर एक कागद लावायला सांगितला. पिल्लाच्या कानावर ते नाव पडलं, की एक रेघ मारायची आणि पुढे काय झालं ते लिहायचं. एका संध्याकाळी, सहा ते नऊ या वेळात, ४१ रेघा आल्या. २३ वेळा पुढे ओरडा किंवा "नको". ११ वेळा पळापळ. ५ वेळा आजी दुसऱ्याच कुणाला बोलावत होत्या. नाव घेतल्यावर पिल्लाला काही चांगलं मिळालं असं फक्त दोनदा घडलं, आणि दोन्ही वेळा ते जेवणाचं ताट होतं.

आता पिल्लाच्या जागी बसून बघा. हा आवाज आला की कधी पळायचं असतं, कधी कुणीतरी चिडलेलं असतं, कधी काहीच नसतं. रस्त्यावर आई तोच आवाज काढत मागे धावली. मुलासोबत रोज खेळतो तोच खेळ, आणि आवाजात ओरडण्याची धार. पिल्लाने त्या आवाजाचा शिकवलेला अर्थ तंतोतंत पाळला.

कुत्र्यांना शब्दातले बारकावे कितपत कळतात यावर बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ओळखीचे शब्द, त्यांच्यासारखेच वाटणारे निरर्थक शब्द आणि अगदी वेगळे निरर्थक शब्द ऐकवले. अगदी वेगळा शब्द मेंदूने लगेच वेगळा काढला. पण ओळखीच्या शब्दात एखादाच ध्वनी बदललेला असला, तर फरक पडलेला दिसला नाही. सॉनिक आणि सोन्या यांत माणसाला जेवढं अंतर वाटतं तेवढं कुत्र्याला वाटत असेल, असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकत होती. संध्याकाळी आठच्या सुमारास पिल्लू वेड्यासारखं भिरभिरायचं, पायाला चावायचं, भिंतींवर आपटायचं. घरातलं उत्तर ठरलेलं होतं : "सॉनिकच आहे, पळणारच!" मुलाने तर मला पुरावाही दिला. गेममध्ये सॉनिकला नुसतं उभं ठेवलं, तर तो पडद्यातून आपल्याकडे बघत वैतागून पाय आपटायला लागतो. त्याला थांबणं सहनच होत नाही. हे खरं आहे, गेममध्ये तसंच आहे. पण समोरचं पिल्लू चार-साडेचार महिन्यांचं होतं, दुपारी मुलं आली की झोपेतून उठवलं जात होतं, आणि रात्री आठला ते झोपेला आलेल्या तान्ह्या बाळासारखं किरकिर करत होतं. या वयाचं पिल्लू दिवसाचा मोठा भाग झोपतं, तेवढं झोपायला मिळालं नाही, की थकवा असाच धावपळीतून बाहेर पडतो. नाव नुसतं हाक मारायला वापरलं जात नव्हतं, पिल्लाकडे बघायचा चष्मा झालं होतं. दमलेलं जनावर घरच्यांना जोशात दिसत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नाव तेच ठेवून त्याचा अर्थ बदलण्याचा. शक्य असतं, मी अनेक घरांत केलं आहे. पण इथे संध्याकाळच्या तीन तासांत ४१ वेळा होणारा वापर थांबवायचा होता, आणि सोनू व सोन्या ही नावं तर घरातून जाणारच नव्हती. दहा चांगल्या हाका एका "सॉनिकनको"ने धुऊन निघाल्या असत्या.

दुसरा, नाव ठेवायचं आणि बोलावण्यासाठी वेगळाच इशारा शिकवायचा. शिट्टी, टाळी किंवा वॉचमनकाकांचं "यू यू". एरवी मी हाच सुचवते. "यू यू" मात्र रस्त्यावरचा कुणीही करतो, आणि सगळ्यांकडे धावत जाणारं कुत्रं मला नको होतं. शिट्टी आजींना जमत नव्हती, आणि दिवसभर पिल्लाजवळ आजीच असायच्या. ज्याच्या हाती पिल्लू सर्वांत जास्त वेळ, त्याला न जमणारा इशारा कामाचा नाही.

तिसरा, नाव पूर्ण बदलायचं. पिल्लाच्या दृष्टीने हा सगळ्यात सोपा. या वयात नवीन नाव काही दिवसांत अंगवळणी पडतं, जुन्याबद्दल त्याला काही वाटत नाही. आजींचं मत "मोत्या" होतं, आणि नाव म्हणून ते उत्तमच. आपल्याकडची मोत्या, वाघ्या, खंड्या ही नावं शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक जाईल अशी घडलेली आहेत. सुरुवात ठसठशीत, शेवट हवा तेवढा लांबवता येईल असा.

या टप्प्यावर मला एक जुनी गोष्ट आठवत होती. फळमाशीत ज्या जनुकाच्या बिघाडाने अळी काटेरी दिसते त्याला हेजहॉग हे नाव होतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याचे भाऊबंद सापडले, तेव्हा १९९३ मध्ये त्यातल्या एकाचं नाव अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, याच गेमवरून, सॉनिक हेजहॉग ठेवलं गेलं. तरुण शास्त्रज्ञांच्या आनंदातलं नाव. पुढे कळलं, की त्या जनुकातल्या बिघाडाने बाळाच्या मेंदूत आणि चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. आता डॉक्टरांना समोर बसलेल्या आई-वडिलांपुढे ते नाव उच्चारावं लागतं, आणि ते अनेकांना बोचलं. बी.एस्सी.ला असताना हे ऐकलं तेव्हापासून कुणी हौसेने नाव ठेवलं, की माझ्या मनात येतं : हे नाव सगळ्यात अवघड क्षणी कोण उच्चारणार आहे, आणि कसं? टेम्पोसमोर आईला ते उच्चारावं लागलं होतं.

माझा चुकलेला निर्णय

तिसरा पर्याय मला पटला होता. तो मी आईंना फोनवर सांगितला. "नाव बदला. मोत्या ठेवा, आजींना सोपं पडेल." मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याच्याशी मी बोलले नाही, बोलायला हवं हे मला सुचलंही नाही. पिल्लाचा विचार पूर्ण झाला होता, म्हणजे प्रकरणाचा झाला असं मी धरून चालले.

आईंनी रात्री जेवताना विषय काढला. मुलगा ताटावरून उठला, पिल्लाला उचलून बेडरूममध्ये गेला आणि कडी लावली. वडिलांना त्याने निरोप पाठवले. जहाजावर नेट कधी असतं, कधी नसतं. त्यांना अर्धेच निरोप मिळाले, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तो "माझ्या पाठीमागे घरात काय चाललंय?" या सुरात. कुत्र्याची हाक सुधारायला गेले आणि घरात तीन माणसं दुखावली.

पुढच्या भेटीत मुलगा माझ्यासमोर येऊन बसला, हात मागे. लसीकरणाचं कार्ड त्याने पाठीमागे धरलं होतं, मी नाव खोडेन म्हणून. मी त्याला म्हटलं, "तुला न विचारता मी ठरवलं, ते चुकलं. मला माफ कर." तो काही बोलला नाही. मग मी म्हटलं, "मला तो गेम दाखवशील?"

डबा कपाटातून निघाला. त्याने सॉनिकचा दुसरा भाग लावला, १९९२ चा. त्यात सॉनिकच्या मागोमाग एक छोटा कोल्हा धावतो, दोन शेपट्यांचा. त्याचं नाव टेल्स. दुसरा रिमोट हातात घेतला, की दुसरा खेळाडू टेल्स होऊ शकतो. मुलाने तो दुसरा रिमोट माझ्या हातात दिला.

"बाबा असले की ते सॉनिक, मी टेल्स," तो म्हणाला.

मला अजिबात जमत नव्हतं. माझा टेल्स खड्ड्यात पडत होता, मागे राहत होता, पडद्याबाहेर जात होता. दर वेळी थोड्याच वेळात तो शेपट्या पंख्यासारख्या फिरवत वरून उडत येऊन पुन्हा सॉनिकजवळ उतरायचा.

"हा हरवत नाही?" मी विचारलं.

"नाही. किती पण मागे राहू दे, तो परत येतोच. त्याचं कामच ते आहे."

पिल्लू आमच्या दोघांमध्ये पसरलेलं होतं. मी गप्प राहिले. काही सुचवायचा मोह झाला होता, पण मघाशीच माफी मागितली होती. बऱ्याच वेळाने, गेम थांबवून, त्यानेच विचारलं, "मग याला टेल्स म्हटलं तर चालेल का? मी आता सॉनिक होतो. हा माझ्या मागे येईल."

वडिलांना फोनवर समजावण्याचं कामही त्यानेच केलं. त्याचा मुद्दा मला फार आवडला : १९८१ मध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा मारिओचं नाव जंपमॅन होतं. नाव बदललं म्हणून तो दुसरा कुणी झाला का? वडिलांनी लगेच भर घातली, की पॅक-मॅनसुद्धा जपानमध्ये पक-मॅन होता. तिथून बापलेक अर्धा तास गेम्सवर बोलत राहिले. वडिलांनीच आणखी एक गोष्ट सांगितली : टेल्सचं खरं नाव माइल्स प्रॉवर आहे, टेल्स हे हाक मारायचं नाव. त्यातून लसीकरणाच्या कार्डाचाही प्रश्न सुटला. कार्डावर सॉनिक राहील, घरात टेल्स.

हाकेचं रूप ठरवताना

टेल्स हा शब्द एका झटक्यात संपतो, शेवटी स. लांबून हाक मारायला तो अपुरा. मोत्या-वाघ्याच्या चालीवर मी "टेल्या" सुचवलं. आजींनी कपाळाला हात लावला. "नगं बया. तेल्या म्हनून हाक मारू व्हय? तेल्यानं आमची बाग खाल्ली."

डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जो रोग आहे त्याला तेल्या म्हणतात. जिवाणूंचा रोग, फळ तडकतं, बाग हातची जाते. टेल्या आणि तेल्या यांत माझ्या कानाला पुरेसं अंतर होतं, आजींच्या कानाला नव्हतं, आणि हाक आजीच मारणार होत्या. तो शब्द मी तिथेच सोडला.

शेवटी आजींच्याच तोंडून "टेलू" आलं. मला एक शंका होती : शेवट सोनूसारखाच आहे. पण सुरुवातीचा ट सोपासून पूर्ण वेगळा, ठणठणीत, आणि पहिला स्वरही वेगळा. टेल्स आणि टेलू यांची सुरुवात एकच असल्याने मुलाने लाडात टेल्स म्हटलं तरी बिघडणार नव्हतं. बोलवायचं असेल, तर मात्र सगळ्यांनी टेलूच म्हणायचं ठरलं.

काय केलं

पहिले तीन दिवस पिल्लासमोर "सॉनिक" बंद. चुकलं तर डायनिंग टेबलावरच्या बरणीत दहा रुपये. सोनू आणि सोन्या यांना सूट होती.

मग नवीन नाव. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. पिल्लू हाताच्या अंतरावर असताना एकदाच "टेलू" म्हणायचं. मान वळली, की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. पाच-सहा वेळा झालं की संपवायचं, दिवसातून तीनदा. पहिला आठवडा एवढंच. मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, मग दाराआडून, मग बाहेरच्या पॅसेजमध्ये, शेवटी गच्चीवर दहा मीटरची सुती दोरी हार्नेसला बांधून. हाक एकदाच. नाही आला तर आपण दोरी धरून त्याच्यापर्यंत जायचं, पुन्हापुन्हा ओरडायचं नाही.

एक नियम सगळ्यांत कडक होता : आंघोळ, नखं, औषध, ओरडा यांपैकी कशासाठीही त्या नावाने बोलवायचं नाही. ती कामं करायची असतील, तर उठून त्याला घेऊन यायचं. आईंना हे फार जड गेलं. "नको"च्या जागी काय करायचं ते आम्ही ठरवून दिलं : आजींची जुनी गोधडी हॉलच्या कोपऱ्यात, आणि "जागेवर" म्हटलं की तिथे. पायपुसणं ओढतोय? जागेवर, आणि चावायला दोरीची गाठ.

स्टॉपवॉचची वही बंद झाली. मी मुलाला एवढंच सांगितलं, की आता सॉनिक तू आहेस. तू पळ, त्याला मागे येऊ दे. पाठलागाची दिशा उलटली. मुलगा पॅसेजमधून धावत सुटायचा, वळायचा, खाली बसायचा, "टेलू!" आणि पिल्लू येऊन छातीवर आदळायचं. माझ्या चिकनच्या तुकड्यांपेक्षा या खेळाने जास्त काम केलं असं मला वाटतं.

झोपेची जागा आजींनी केली. डायनिंग टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला जुनं लुगडं पडद्यासारखं सोडलं. दुपारी एक ते चार त्या पडद्याआड कुणी हात घालायचा नाही. आजी स्वतः पहाऱ्याला, पोथी घेऊन. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री आठचं भिरभिरणं निम्म्यावर आलं, नावाचा त्यात काही भाग नव्हता. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं गुडघाभर उंचीचं फाटक बसवलं. पट्टा लावल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही, हे मुलीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

काय झालं

दोन आठवड्यांनी आम्ही एक छोटी चाचणी घेतली. पिल्लू गोधडीवर, आजी आतल्या खोलीत. आजींनी मनाला येईल तशा, एकाच सुरात, "सोनू" आणि "टेलू" अशा दहा हाका मारायच्या. टेलूच्या पाचही हाकांना मान वळली आणि चार वेळा तो उठून गेला. सोनूच्या पाच हाकांपैकी एकीला कान हलला, तो उठला नाही. शेवटच्या "ऊ"ची माझी भीती पूर्ण गेली नाही, पण कमी झाली.

दिवाळीत मागे गेलो. फटाक्यांनी तो पलंगाखाली गेला आणि तीन दिवस बाहेर येईना. या काळात नावाने बोलवायचंच नाही, असं मी सांगितलं. भीतीत असताना हाक मारली आणि तो आला नाही, तर हाक कमजोर होते. आई पलंगाजवळ चटई टाकून झोपल्या. चौथ्या दिवशी तो स्वतः बाहेर आला. गच्चीवरचं काम आम्ही दोन पायऱ्या मागे नेऊन पुन्हा सुरू केलं.

नोव्हेंबरअखेर गच्चीवर दोरी सैल सोडलेली असताना, टाकीमागे मांजर दिसलेली असताना, त्याने मान वळवली, एक क्षण थांबला आणि मुलाकडे आला. मुलगा रडला. मीही.

डिसेंबरच्या शेवटी वडील घरी आले. दार उघडताच त्यांनी सवयीने हाक मारली, "सॉनिक!" टेलू गोधडीवरून हललाही नाही. आतल्या खोलीतून मुलगा धावत आला.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

मुलाला पहिल्याच भेटीत विचारेन. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, कुणाबरोबर असताना ठेवलं, हे आता माझ्या पहिल्या प्रश्नांत आहे. तो पंधरा मिनिटांचा प्रश्न होता, मी तो टाळला आणि दहा दिवस वाया गेले. पिल्लाच्या वयात दहा दिवस थोडे नसतात.

फ्रीजवरचा कागद पहिल्या दिवशीच लावेन, आणि त्यावर घरातल्या सगळ्यांची लाडाची नावंही लिहून घेईन. कागदावरची नावं वेगळी असतात, घरातली वेगळी. मला सोन्या हा शब्द तिसऱ्या भेटीपर्यंत नीट ऐकूच आला नव्हता, कारण तो माझ्याही घरात दिवसभर असतो.

गेममधलं नाव ठेवणाऱ्यांना मी थांबवत नाही. माझ्याकडे पिकाचू येतो, लुइगी येते, तिचं नाव बदलायची काही गरज पडली नाही. मी फक्त घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ते नाव सलग पाच वेळा म्हणायला लावते, दोनदा हळू, तीनदा खिडकीतून खाली हाक मारल्यासारखं. योशी नाव ठरवलेल्या एका घरात शेजारी जोशी राहतात हे असंच पाचव्या हाकेला कळलं, दारावर जोशीकाका उभे होते.

दुसरा पर्याय, म्हणजे वेगळा इशारा, मी जरा घाईने बाजूला ठेवला का, असा विचार अजून येतो. शिट्टी आजींना जमली नसती, पण देवघरातली घंटी त्यांच्या हातात रोज असते. तिच्या आवाजाने तो कुठूनही येतो, कारण आरतीनंतर त्याला साखरफुटाण्याचा दाणा मिळतो. कुणी शिकवलं नव्हतं. हे मला फेब्रुवारीत समजलं. आजींना मी तेवढं सांगितलं, की साखरेऐवजी सफरचंदाची फोड द्या.

टेलू आता अकरा महिन्यांचा आहे, अंगाने भरलेला, आणि या वयातली कुत्री करतात तसं अधूनमधून ऐकलं नाही असं दाखवतो. गच्चीवर दहापैकी आठ-नऊ हाकांना येतो. रस्त्यावर तेवढं पुरत नाही. गेटच्या बाहेर त्याचा पट्टा अजून एकदाही सुटलेला नाही, आणि सध्या सोडायचा नाही असंच आमचं ठरलं आहे.